दगड ठेवलेली जागा

पुण्याहून निघताना माझ्याकडे एक कपड्यांची पिशवी होती आणि एक लांबलचक पुठ्ठ्याची नळी. नळीत नकाशा होता. एसटीच्या कंडक्टरने आत काय आहे असं विचारलं, तर मी सांगितलं, रस्ता आहे. रस्त्याला तिकीट लागत नाही, असं म्हणून त्याने ती नळी वरच्या फळीवर सारली आणि पुढे गेला. मला तो माणूस एकदम आवडला.

शहरांतले रस्ते आणि चौक आखून देणं हा माझा धंदा. फूटपाथ किती रुंद हवा, बाक कुठे, सावली कुठे, पायी चालणाऱ्याला पलीकडे जायला कुठे सोपं पडेल, हे सगळं कागदावर काढायचं. आणि मग त्याच फूटपाथवर मोटारी उभ्या राहिलेल्या पाहून रक्त आटवायचं. मागच्या थंडीच्या आधी नगरला एका कार्यशाळेत मी अशाच रस्त्यांचे फोटो दाखवत होते. जेवणाच्या सुट्टीत पाथर्डी तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच, मीनाताई, ताट हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, फूटपाथ काय फकस्त शहरातल्या लोकान्लाच लागतो का?"

प्रश्न रास्त होता. म्हणून जानेवारीत मी त्यांच्या गावी जाऊन बाजाराचा रस्ता मोजून आले, आणि आता एप्रिलच्या शेवटी नकाशा घेऊन पुन्हा निघाले होते. गावाचं नाव मात्र लिहायचं नाही, अशी मीनाताईंनी तंबी दिली आहे. का, ते पुढे कळेलच.

नगरला उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं.) स्टँडबाहेरचा रस्ता ओलांडायचा म्हणजे परीक्षाच. मी बराच वेळ एका जागी उभी राहिले. शेवटी एक म्हैस आली. तिने कुणाकडे न बघता रस्त्यात पाऊल टाकलं, रिक्षा थांबल्या, टेम्पो थांबले, आणि मी तिच्या आडोशाने सुखरूप पलीकडे गेले. माझ्या आजवरच्या आराखड्यांनी वाहनं इतकी गुमान थांबल्याचं मला आठवत नाही.

तिसगावच्या जीपमध्ये मागे दाटीवाटीने जागा मिळाली. चांदबिबीच्या महालाचा डोंगर मागे पडला, शेतं पिवळी आणि उघडी दिसायला लागली, आणि करंजीचा घाट आला. घाटात आमच्या पुढे ट्रॅक्टरची रांग होती. एकेका ट्रॉलीत अख्खा संसार: खाट, पत्र्याची पेटी, हंडे, शेळी, आणि या सगळ्याच्या वर गोधडीवर बसलेली माणसं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं की पट्टा पडला (कारखान्याचा हंगाम संपला), आता तोडीला गेलेले कोयते घरी चालले आहेत. कोयता म्हणजे ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी. दसऱ्यानंतर हे लोक निघतात आणि उन्हाळ्यात परततात. आजोबा खुशीत होते. गाव आता भरंल, असं ते दोनदा म्हणाले. जीपवाला ट्रॅक्टरमागे हॉर्न न वाजवता हळूहळू चालला होता, याचं मला नवल वाटलं. नंतर कळलं की पुढच्या ट्रॉलीत त्याचा थोरला भाऊ होता.

मीनाताईंच्या घरी पोचले तेव्हा शेंगोळे तयार होते (हुलग्याच्या पिठाचे वळून, लसणाच्या रश्शात शिजवलेले). एप्रिलच्या उन्हात शेंगोळे म्हणजे घामाच्या धारा, पण मी दोनदा वाढून घेतलं. खाता खाता मीनाताईंनी रविवारच्या बाजाराची कर्मकहाणी पुन्हा सांगितली. फाट्यापासून वेशीपर्यंत एकच रस्ता. त्यावर दोन्ही बाजूंना विकणारे, मधोमध टेम्पो, टेम्पोच्या मधून मोटारसायकली, आणि उरलेल्या फटींतून बाया आणि म्हातारी माणसं. मागच्या वर्षी मीनाताईंच्या सासूबाईंच्या पायावरून चाक गेलं होतं. तेव्हापासून त्या बाजारात येत नाहीत, आणि मीनाताईंना ते मनाला लागलं आहे.

माझी योजना अगदी साधी होती. एक रविवार करून बघायचं. सिमेंट नाही, खोदकाम नाही, फक्त फक्की (मैदान आखायची चुन्याची पूड) घेऊन खराखुरा रस्ता जमिनीवर काढायचा. टेम्पो शाळेच्या मैदानात थांबवायचे. एका कडेने चालणाऱ्यांची वाट, तिच्यावर मांडवाचं कापड, आणि वेशीजवळच्या कडुलिंबाखाली बसायला चार बाकडी. जमलं तर पुढे पक्कं करायचं. कडुलिंबाचा कोपरा मी जानेवारीतच हेरून ठेवला होता. सगळा बाजार खचाखच भरलेला असताना तिथे सावलीत एक जागा रिकामी होती. मला ती आयतीच मिळाली असं वाटलं, आणि चालण्याची वाट मी सरळ तिच्यावरून नेली.

शनिवारी दुपार कलल्यावर तरुण मंडळाची पोरं खराटे घेऊन आली. असा झाडलेला रस्ता मी पुण्यात कधी पाहिलेला नाही. कागद, काड्या, माती, खडे, धोंडे, सगळं उचलून त्यांनी ट्रॅक्टरने शाळेमागे नेऊन टाकलं. मी वेशीपाशी टेबल मांडून नकाशा पसरला, तर वाऱ्याने तो सारखा उडायला लागला. कडुलिंबाखाली एक गुळगुळीत काळा दगड पडला होता. पोरं तो उचलायच्या आत मी आणला आणि नकाशावर ठेवला. मग दिवस मावळेपर्यंत आम्ही रेघा मारल्या. मारुतीच्या पारावर बसलेली मंडळी आम्हाला क्रिकेटची खेळपट्टी चुकीच्या जागी आखताय, असं ओरडून सांगत होती. काम संपलं तेव्हा पांढरी वाट फाट्यापासून वेशीपर्यंत सुरेख उठून दिसत होती, आणि मी खरोखर खूश होते.

सकाळी चहा घेऊन बाजारात गेले तर भांडण.

पहिला टेम्पो कांदेवाल्याचा आला होता, दुसरा लसूणवाल्याचा. दोघेही रस्त्याच्या मधोमध उभे राहून खाली बघत होते, आणि मागून येणारा प्रत्येक जण तसाच खाली बघत थबकत होता. मला वाटलं, माझ्या रेघा बघताहेत. ते दगड शोधत होते. या बाजारात प्रत्येकाची जागा त्याच्या दगडाने धरलेली असते. बाजार उठला की दगड तिथेच राहतो, पुढच्या रविवारी माणूस येऊन त्याच्या मागे पाल टाकतो. यात कधी पावती नसते, कधी तंटा नसतो. आणि आमच्या पोरांनी सगळ्या बाजाराचे दगड कचरा म्हणून शाळेमागे ओतले होते.

पोरं याच गावची. त्यांच्या आया याच बाजारात बसतात. पण रस्ता चकाचक करायचा म्हटल्यावर त्यांनी त्या भरात स्वतःच्या आयांचेही दगड उचलले होते. मीनाताईंनी कपाळाला हात लावला. गावाचं नाव त्यांना का लिहायला नको आहे, ते आता कळलं असेल.

मग सगळा बाजार शाळेमागे गेला. असं दृश्य मी जन्मात विसरणार नाही. धोंड्यांचा ढीग, आणि त्याभोवती बाया-बाप्ये वाकून आपापला दगड निवडताहेत. कांदेवाल्याचा होता तुटलेल्या जात्याचा अर्धा भाग. भेळवाल्याच्या दगडावर शेंदूर लागलेला होता. दोन बांगडीवाल्या एकाच दगडासाठी हटून बसल्या, तोवर खाली त्याचाच जुळा सापडला. हळूहळू राग निवळून त्याची जत्रा झाली. आपला दगड मिळालेला माणूस तो काखेत मारून हसत परत जात होता.

एक बाई मात्र ढिगाभोवती फिरत राहिली. उंच, उन्हाने रापलेली, पाठीवर मसाल्याचं पोतं. ही हौसाबाई. ती दोनच दिवसांपूर्वी तोडीवरून परतली होती. तिने ढीग दोनदा उपसला, मग रिकाम्या हाताने कडुलिंबाकडे गेली, आणि बाकड्यांसमोर, माझ्या पांढऱ्या वाटेच्या बरोबर मधे, पोतं टेकवून उभी राहिली. चालणारे तिला वळसा घालून जायला लागले. मी तिच्याजवळ गेले आणि ही चालायची जागा आहे, असं शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं. जानेवारीत इथे कुणीच बसत नव्हतं, हेही सांगितलं.

"कोन बसंल?" ती म्हणाली. "मी तोडीला गेल्ते ना. दगड ठिवून गेल्ते."

मी मीनाताईंकडे पाहिलं. त्या ओशाळल्या. तोडीला गेलेल्याची जागा कुणी घेत नाही, हे त्यांना इतकं रोजचं होतं की सांगायचं सुचलंच नाही. दगड दिसतोच की, असं त्यांना वाटलं होतं. मला दगड दिसला होता. पण मला तो फक्त दगड दिसला होता.

हौसाबाईने पोत्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही.

"ताई, ह्या सालाची खेप शेवटची, आसं मी घरधन्याला सांगून टाकलंय. कंबर न्हाई ऱ्हायली आता मोळी उचलायला. पोरगी बी शाळंत घालायची हाय. आता बारा म्हैनं हितंच मसाला इकायचा. ही जागा गेली तर दसऱ्याला पुन्यांदा ट्रकात बसावं लागंल. आनि दगडच न्हाई तर लोकान्ला कसं सांगू, का ही माझी हाय?"

 बाकड्यांची जागा मला दुसरीकडे मिळाली असती. तिला ही एकच होती. मी टेबलाकडे गेले, निदान कालपासून तिथेच पसरलेला नकाशा तरी बघावा म्हणून. वाऱ्याने त्याचे कोपरे फडफडत होते. मधोमध काळा गुळगुळीत दगड होता.

तो मी दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर नेला. हौसाबाईने दगड बघितला, मग नकाशा, मग मला, आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. तिच्यामागे लसूणवाला हसला, मग मीनाताई, मग पोरं, आणि शेवटी मीही. गावभर धोंडे शोधायला लावणारी बाई स्वतःच एक धोंडा दाबून बसली होती, ही बातमी फाट्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

दगड तिने स्वतःच्या हाताने जागेवर ठेवला. मी एका पोराच्या हातातला खराटा घेतला आणि माझीच रेघ झाडून टाकली. मग फक्की घेऊन वाट पुन्हा काढली, हौसाबाईच्या पोत्याला वळसा घालून. दोन बाकडी पलीकडे सरकवली. कागदावर ही वाट सरळ होती तेव्हा फार रुबाबदार दिसायची. वाकडी झाल्यावर मात्र असं झालं की वळणावर माणसं आपोआप हळू व्हायची, आणि हळू झाली की मसाल्याचा वास नाकात शिरायचा. अकराच्या सुमाराला हौसाबाईसमोर गर्दी झाली. दुपारी तिने मला हाक मारून रेघ आणखी जरा तिच्याकडे घ्यायला सांगितलं. ते ऐकून लसूणवाल्यालाही वळण हवंसं झालं. मी हात जोडले.

बाकी बाजार झकास भरला. टेम्पो दोनदा आत घुसले आणि दोनदा बायांनीच त्यांना मागे घ्यायला लावले. वाऱ्याने मांडवाचं एक कापड उडून भेळवाल्याच्या डोक्यावर पडलं. मी गोडीशेव खाल्ली (गुळाच्या पाकातली शेव), भेळ खाल्ली, आणि कडुलिंबाखालच्या बाकड्यावर टेकले. शेजारी मीनाताईंच्या सासूबाई बसल्या होत्या. फाट्यापासून तिथपर्यंत त्या एकट्या चालत आल्या होत्या. त्यांनी हातातला गुळाचा खडा पुढे केला. मी तो तोंडात टाकला.

निघताना हौसाबाईने काळ्या मसाल्याची पुडी हातात कोंबली. मग कुठून तरी एक लालसर धोंडा आणून आपल्या दगडाशेजारी टेकवला. हा तुमचा, म्हणाली. मी केव्हाही आले तरी तिथे दुसरं कुणी बसणार नाही, असंही म्हणाली. जीप सुटताना मी मागे वळून पाहिलं तर त्या धोंड्यापाशी तिची पोरगी उभी होती आणि एका मोटारसायकलवाल्याला गाडी पलीकडे लावायला सांगत होती.

पुण्यात परतले. माझ्या गल्लीत लोक गाडीसाठी जागा धरायला विटा आणि तुटक्या कुंड्या ठेवतात. पूर्वी मी त्या पायाने बाजूला सारत असे. अजूनही सारते, कारण इथे धरलेली जागा गाडीची असते. पण सारण्याआधी आता क्षणभर थांबते. रिकामी जागा दिसली की ती कुणाची, हे विचारायची सवय लागली आहे, आणि त्यामुळे माझी कामं लांबतात. हाताखालची मंडळी कुरकुरतात. कुरकुरू देत.

परवा, दसरा झाल्यावर, मीनाताईंचा फोन आला. वाट पक्की करायचं ग्रामसभेत ठरलं होतं, वळणासकट. तोडीचे ट्रक आदल्या दिवशी गेले होते, गाव पुन्हा ओकंबोकं झालं होतं. मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला जीभ रेटत नव्हती. शेवटी विचारलं, हौसाबाईचा दगड आहे ना जागेवर?

"न्हाई," मीनाताई म्हणाल्या. "दगड कशाला? ती सवताच बसलीया की. दगड तेवढा तुमचाच हाय."

मी माळ्यावरची पुठ्ठ्याची नळी खाली काढली आणि नगरच्या गाडीची वेळ बघायला लागले.