एक गियर पुढे, चार मागे

ठोक्यानं घण उचलला आणि हबवर घातला. हब हललं नाही. पुन्हा घातला. भंगारातल्या टेम्पोचा तो मागचा अ‍ॅक्सल, त्यावर चाकाचं हब असं गंजून बसलं होतं की जणू भाडेकरू, जागा सोडायलाच तयार नाही. सहाव्या घावाला ते सुटलं, उडालं आणि पत्र्याच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या गल्लीत गेलं. पलीकडून कुणीतरी आईवरून शिवी दिली. ठोक्यानं इकडून बापावरून दिली. फिट्टंफाट.

ठोक्या म्हणजे डेंटर. चेपलेली गाडी ठोकून सरळ करणारा. त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता, उगाच नाही सांगत. दरवाज्याच्या आतून तळहात फिरवला की त्याला कळायचं पत्रा कुठं दुखतोय. माणसांच्या बाबतीत मात्र उलटं. सरळ माणूस त्याच्या हातात सापडला की चेपून जायचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे काय, मास्तर वर्गात त्याच्या ताईबद्दल वाकडं बोलले आणि ह्यानं बाक उचलून फळ्यावर घातला. दुसऱ्या दिवशी ताई शाळेत गेली. माफी मागायला नाही, दप्तर आणायला.

ताई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आईबाप गेल्यावर तिनंच ह्याला वाढवलं. शर्टाच्या कारखान्यात दिवसाला दोनशे कॉलर शिवायची आणि घरी येऊन ह्याचे फुटलेले गुडघे धुवायची. सगळं जग त्याला ठोक्या म्हणायचं, ती एकटी बारक्या म्हणायची. आणि तो एवढा सांड, बारक्या म्हटलं की मान खाली घालायचा.

ती ताई दिली खाणवाल्याच्या घरात. घर डोंगरावर. डोंगर म्हणजे निम्माच, उरलेला ह्यांनी फोडून विकला. वर जायला एक रस्ता, रस्त्यावर लोखंडी फाटक, फाटकावर दाजीचे दोन भाऊ. दाजी दिसायला गरीब गाय. हात मात्र रोज सैल सुटायचा. आधी थोबाडीत, मग पट्टा, मग जे हाताला लागेल ते.

ठोक्या तीन वेळा फाटकावर गेला. पहिल्यांदा बोलायला गेला, त्यांनी हाकललं. दुसऱ्यांदा भांडायला गेला. दोघा भावांनी त्याला लोळवून तुडवला, दोन दात पाडले. तेवढ्यात खाणीतला एक माणूस, खांद्यावर लाल झेंडी टाकलेला, धावत आला आणि त्यानं ठोक्याला मागून कंबरेत आवळला. ठोक्यानं कोपर फिरवलं. त्या माणसाचं नाक कर्रकन मोडलेलं त्याला ऐकू आलं आणि तेवढंच एक समाधान घेऊन तो घरी आला. तिसऱ्यांदा गळ्याचं हाड मोडून आला. चौकीत तक्रार लिहून घेतली, वर सल्ला दिला की नवरा-बायकोच्या मधे पडू नये.

मग एक दिवस मावशी आली. मावशी म्हणजे खाणवाल्यांकडे भांडी घासणारी बाई, ताईचे निरोप पदराआडून आणायची. ती दारातच उभी राहिली आणि एका दमात बोलली, की दाजीनं ताईचा पाय मोडलाय, गुडघ्याखाली, प्लास्टर घातलंय, आणि सगळ्यांसमोर म्हणालाय, "आता बसेल घरात." ताईचा निरोप एवढाच, बारक्याला सांग, येऊ नकोस.

ठोक्याला फक्त पाय ऐकू आला.

ताई चालू शकत नाही. म्हणजे फाटकातून काय, मागच्या बाजूनं उचलूनही आणता येणार नाही. घराच्या मागं खाणीच्या टाकाऊ दगडांचा उतार होता, खाली खाणीच्या तळापर्यंत. तिथं शेळीसुद्धा विचार करून पाय टाकते. तिथं चढेल अशी गाडी विकत मिळत नव्हती आणि मिळाली असती तरी ह्याच्याकडे कुठली. मग त्यानं ती बनवायला घेतली.

कशाचा कशाला मेळ नाही. सांगाडा पाण्याच्या पाइपांचा, वाकवून जोडलेला. पुढची चाकं एका लहान गाडीची, मागची टेम्पोची. इंजिन आणि गियरबॉक्स एका आपटलेल्या मोटारीतून ओढून काढलेले. सीट एक न्हाव्याच्या खुर्चीची, दुसरी बसची. स्टिअरिंगला डिझेल पंपाचं चक्र. दोन महिने तो वेल्डिंगच्या ठिणग्या खात होता. अंगावरचे डाग मोजले तर आभाळ दिसलं असतं. कुणी मधे बोललं की अंगावर जायचा. एका रंगाऱ्यानं गमतीत विचारलं, "ह्याचं लग्न कुणाशी लावलंय?" तर ठोक्यानं त्याला त्याच्याच रंगाच्या बादलीत घातलं, डोक्याकडून.

आता चूक कुठं झाली ते ऐका. टेम्पोच्या अ‍ॅक्सलला मधे गोळा असतो, त्याच्या नाकातून इंजिनचा दांडा आत जातो. ते नाक असतं खालच्या बाजूला. दगडावर घासलं तर दांडा तुटणार. ठोक्यानं डोकं चालवलं आणि अख्खा अ‍ॅक्सल उलटा करून वेल्ड केला. नाक वर. झकास. शेजारच्या लेथवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड उघडलं, "अरे, पण उलटा लावला की—" ठोक्यानं हातातला पाना काकांच्या कानाशेजारून भिरकावला. तो लेथच्या दिव्यावर बसला. काकांनी चष्मा खाली घेतला आणि काम चालू ठेवलं.

पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली होती. ठोक्यानं पहिला टाकला, क्लच सोडला. गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी मागं गेली. काकांचं स्टूल, तेलाचं पिंप, मग भिंत. पत्र्याच्या भिंतीला हबचं भोक होतं, आता दरवाजा झाला. लोक पोट धरून बसले. ठोक्यानं दुसरा टाकला, गाडी आणखी जोरात मागं. तिसरा, चौथा, तेच. रिव्हर्स टाकला तेव्हा कुठं ती पुढं सरकली, मुंगीच्या चालीनं.

काका शांतपणे आले. म्हणाले, "तेच सांगत होतो. अ‍ॅक्सल उलटा केला की चाकं उलटी फिरतात. चार गियर मागं, एक पुढं. तुझ्यासारखीच आहे."

ठोक्यानं मूठ उगारली. मग ती पाइपवर आपटली, सालटं निघेपर्यंत. सगळे सांधे कापून अ‍ॅक्सल सरळ करायला आठवडा लागणार होता. काकांनी कटर हातात घेतलंही होतं. तेवढ्यात मावशी आली. धापा टाकत होती. उद्या संध्याकाळी दाजी ताईला स्वतःच्या चुलत्याच्या शेतघरावर नेऊन ठेवणार, लांब, जिथं मावशीही नसेल. मग तिनं आवाज खाली करून सांगितलं, की उद्या दुपारी एकला सुरुंगाचा भोंगा होईल. भोंगा झाला की खाण रिकामी होते, फाटकावरचे पण आडोशाला जातात. भोंग्यानंतर सात मिनिटांनी स्फोट. सुरुंगाची भोकं त्या उताराच्या अगदी कडेला आहेत. "सात मिनिटं," ती पुन्हा म्हणाली, आणि गेली.

काकांनी कटर खाली ठेवलं. म्हणाले, चढायला तुला तो एकच गियर पुरे आहे, सगळ्यात ताकदीचा. उतरताना बघून घे.

दुसऱ्या दिवशी एकला भोंगा झाला. माणसं टोपल्या टाकून पळाली. ठोक्या मागच्या माळावरून खाणीत घुसला, रिव्हर्सवर, पुढं तोंड करून. तळ ओलांडला. उताराला लागला. गाडी ढेकणासारखी चढत होती. दगड टायरखालून सुटून मागं गडगडत होते. कडेच्या कातळात एका ओळीत भोकं, प्रत्येकातून वायर बाहेर लोंबत होती. त्याच्या शर्टाला घाम नाही, पाणी होतं. दोन मिनिटं गेली. तीन. एकदा गाडी उभीच राहिली, पुढची चाकं हवेत, आणि त्यानं पुढं वाकून पाइपला दात लावले म्हणाल तर खोटं नाही. मग ती पुन्हा टेकली आणि चढली.

मागचं दार त्यानं लाथेनं उघडलं. दाजी जेवत होता. ताट उडालं. दाजीनं कोपऱ्यातला कुऱ्हाडीचा दांडा घेतला आणि पहिला वार ठोक्याच्या मोडक्या हाडावरच घातला. नेमका. ठोक्या गुडघ्यावर आला. दुसरा वार कानावर, कान अर्धा फाटला. मग दाजी त्याच्या छातीवर बसला आणि दांडा गळ्यावर आडवा धरून अंगाचा भार टाकला. ठोक्याच्या डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. त्याला पलीकडे टेबलाचा पाय दिसत होता आणि त्याच्या बाजूनं सरपटत येणारं पांढरं प्लास्टर.

ताईनं टेबलावरचं शिलाई मशीन ढकललं. लोखंडी, जुनं, सोळा किलोचं. ते दाजीच्या घोट्यावर पडलं. आवाज फांदी मोडल्यासारखा आला आणि दाजी असा ओरडला की भोंगा लाजेल.

"आता तूही बस घरात," ताई म्हणाली.

ठोक्यानं तिला उचलली. किती हलकी झाली होती ते त्याला तेव्हा कळलं, आणि मागं फिरून दाजीच्या तोंडात दोन घालाव्या म्हणून तो वळला. ताई म्हणाली, "बारक्या, नको." त्यानं मान खाली घातली.

न्हाव्याच्या खुर्चीत ताई, बसच्या सीटवर हा. तेवढ्यात दाजीचे भाऊ जीप घेऊन अंगणात. आवाज ऐकून रस्त्यानं वर आले होते. अंगणात गाडी वळवायला जागा नव्हती. पण वळवायची होती कुणाला? ठोक्यानं पहिला टाकला आणि गाडी मागच्या मागं उतारावरून सुटली, तोंड जीपकडे.

पळणारा माणूस पाठ दाखवतो. हा तोंड दाखवून पळत होता. जीप मागं लागली, आणि हाताच्या अंतरावर दोघा भावांची तोंडं, ठोक्याचं तोंड, एकमेकांना बघतायत. धाकटा बाजूनं बाहेर लोंबून गज फिरवत होता. पहिला गज पाइपवर, दुसरा ठोक्याच्या हातावर. ठोक्याला मागं बघताच येईना. ताई मान वळवून सांगत होती, कॉलर शिवताना सांगायची तशी, जराही आवाज न चढवता. डावीकडं. थोडं. बस. आता सरळ सोड. ठोक्यानं दुसरा टाकला. सहा मिनिटं झाली होती. जीप उंच, जड. तिचं एक चाक दगडात रुतलं, ती तिरपी झाली, तिनं क्षणभर विचार केला आणि कलंडली. दोनदा उलटली. धाकटा खाली सापडला. पुढं वर्षभर तो काठीवर चालत होता. आम्हाला वाईट वाटलं नाही, कुणाला वाटायचं असेल तर वाटू दे.

खाणीच्या तळातून ठोक्या तिसऱ्यावर सुटला आणि आख्खी वाट उलटा आला. तोंडासमोर स्फोट कधी होतोय म्हणून मान आखडून. स्फोट झाला नाही. त्याला वाटलं, नशीब.

ताई आता वर्कशॉपच्या मागच्या खोलीत शिवते. लंगडते. गाडी तशीच आहे, अ‍ॅक्सल अजून उलटा. काकांनी दोनदा कटर काढलं, ताईनं दोनदा परत ठेवायला लावलं. मावशी मात्र त्या दिवसापासून दिसली नाही.

दीड वर्षानं एक माणूस स्कूटरचा चेपलेला मडगार्ड घेऊन आला. वाकडं नाक. उजव्या हाताची बोटं उमललेल्या झाडूसारखी, एकही सरळ नाही. ठोक्यानं नाक ओळखलं. फाटकावरचा लाल झेंडीवाला. मडगार्ड घेतला, आणि सरळ करायच्या ऐवजी गल्लीत फेकला, आणि गचांडी धरून त्या माणसालाही त्याच्यामागं पाठवला. म्हणाला, पुन्हा दिसलास तर उरलेलंही वाकडं करीन. त्या माणसानं डाव्या हातानं मडगार्ड उचलला आणि गेला.

त्यानंतर चार दिवसांनी मावशी ताईला भेटायला आली, तेव्हा कळलं. तो तिचा नवरा. खाणीतला सुरुंगवाला. दुसऱ्या भांडणात ठोक्याला कंबरेत आवळला होता तो भावांच्या पायाखालून ओढून काढायला. बोटं दाजीच्या माणसांनी मोडली, एकेक करून, कारण त्या दुपारी उताराच्या कडेच्या चौदाच्या चौदा भोकांत त्यानं नुसती माती भरली होती.