आबा मंत्र्यांचं जमणं

आबा मंत्री कुणालाही गाव, आडनाव, पगार असलं काही विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सकाळी काय खाता?" उत्तरावरून ते माणूस ओळखत, आणि बहुतेक वेळा चुकीचा ओळखत. मी फणसवाडीतल्या त्यांच्या चाळीत नवीन राहायला आलो, तेव्हा जिन्यातच त्यांनी छत्री आडवी धरून मला थांबवलं. मी म्हटलं, "पोहे."

"रोज?"

"रोज."

"अरेरे," ते म्हणाले, "म्हणजे तुला अजून कुणी बाहेर नेलेलंच दिसत नाही. रविवारी तयार राहा."

आबा जुन्या मुंबईकर प्रभू घराण्यातले. आजोबांची नारळाची वाडी होती, वडिलांचं घर होतं, आबांच्या वाट्याला आडनाव आणि जीभ तेवढी आली. आडनावाचा त्रासच अधिक. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीखालून मोर्चा जाताना 'मंत्र्यांचा धिक्कार असो!' अशी घोषणा झाली की आबा खिडकीतून डोकं काढून ओरडत, "अरे, मी काय केलं रे?" मग सदरा चढवून त्याच मोर्च्यात सामील होत आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून स्वतःचाच धिक्कार करून येत.

त्यांना छंद एकच. लोक तिकिटं जमवतात, आबा भाषा जमवत. दर रविवारी शहरातल्या एका नव्या पंगतीत जाऊन बसायचं आणि तिथली भाषा उचलायची. "देवानं जिभेला दोन कामं दिलीत," ते म्हणत, "दोन्ही एकदम करावी, वेळ वाचतो." त्यांना आठ भाषा येत, म्हणजे आठ भाषांत जेवता येई. त्यांतल्या एकीतही कुणी हवापाणी विचारलं असतं, तर आबा मुके झाले असते. वरळी कोळीवाड्यात बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईकडून ते अस्सल कोळी बोली शिकून आले. त्यातले निम्मे शब्द शिव्या आहेत, हे त्यांना घरी बायकोवर, माईंवर, प्रयोग केल्यावर कळलं.

माटुंग्याला तमिळ शिकताना तर ते उपाशी उठले. शेजारचा माणूस वाढप्याला 'पोदुम, पोदुम' म्हणत होता. आबांना वाटलं, वाढा असं म्हणतोय. त्यांनीही जोरात 'पोदुम' सुरू केलं. वाढपी दर वेळी मान डोलवून पुढे जाई. पोदुम म्हणजे पुरे, हे बाहेर आल्यावर समजलं. तेव्हापासून त्यांनी नियम केला, "कुठल्याही भाषेत आधी 'आणखी' शिकावं. 'पुरे' शिकायची घाई करू नये."

चाळीत या छंदाचं एक मंडळही होतं. नाव 'परिचय मंडळ', उद्देश इतर प्रांतीयांचा परिचय. अध्यक्ष दामूअण्णा. हे शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि चाळीत बाकी सगळं. मी चिटणीस. मंडळाची सहल निघाली की प्रत्येकाच्या पिशवीत घरची पोळीभाजी असे, न जाणो, परक्यांचं बाधलं तर! इडली समोर आली की दामूअण्णा ती बोटानं दाबून म्हणत, "आपलं सांदण. ह्यांनी मीठ घातलं एवढंच." सामोसा म्हणजे आपली करंजी, बिघडलेली. अशा रीतीनं साऱ्या हिंदुस्थानचा परिचय करून घेऊन मंडळ, आपल्याला परिचय करून घेण्यासारखं बाहेर काही नाही, या निष्कर्षावर आलं होतं.

आबा मंडळाबरोबर जात नसत. "ते जेवायला जात नाहीत, पेपर तपासायला जातात," म्हणत. पण मला मात्र बरोबर नेत.

पहिल्याच रविवारी त्यांनी मला भुलेश्वरात रतिलालभाईंकडे नेलं. रतिलालभाई मूळचे सुरतेचे, कापडाचे दलाल. आबांची त्यांची ओळख ट्राममध्ये झाली होती, त्याच प्रश्नावरून. सकाळी काय खाता याचं उत्तर देता देता दोघंही आपापले थांबे चुकले होते. रतिलालभाई कट्टर शाकाहारी, म्हणून त्यांच्याकडे जायच्या दिवशी आबा सकाळी मासा खात नसत. रविवारी मासा न खाणारा प्रभू म्हणजे जवळजवळ संन्यासीच. माई म्हणायच्या, "माझ्या बापाच्या तेराव्याला सुद्धा ह्यांनी एवढं पाळलं नव्हतं."

मी घरून पोटभर जेवून गेलो होतो. रतिलालभाईंनी हसून विचारलं, "जमशो ने?" मला वाटलं, इथं बसायला जमेल का, असं विचारताहेत. मी नम्रपणे म्हटलं, "हो हो, जमेल, जमेल!" क्षणात समोर ताट आलं. पुरी, शाक, कढी, श्रीखंड. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणं, हे मला त्या ताटानं शिकवलं. मी केविलवाणा होऊन आबांकडे पाहिलं. ते पुरी मोडत म्हणाले, "जमेल म्हणालास ना? आता जमव!"

परत येताना ते म्हणाले, "बघ, त्यांच्यात जमणं म्हणजे जेवणं, आपल्यात जमणं म्हणजे पटणं. लोक उगीच दोन शब्द समजतात. शब्द एकच आहे रे. जेवलं की जमतं."

पुढे मीही त्या रविवारांना सोकावलो. दर संक्रांतीला आबा तिळगूळ घेऊन भुलेश्वरात जात आणि दुसऱ्या दिवशी रतिलालभाई स्वतः उंधियूचं पातेलं फडक्यात बांधून आमच्या चाळीत आणून देत. तिळगूळ घेताना ते दर वर्षी म्हणत, "आबा, गोड तो अमे बोलीशुं, पण तमे जरा धीमे बोलो."

मग गोळीबार झाले. संचारबंदी लागली. आमच्या ओळखीतल्या घरांतून माणसं गेली. त्या दुःखाची चेष्टा मी करणार नाही. चेष्टा करण्यासारखं होतं ते आमच्या जिन्यात. परिचय मंडळानं ठराव करून परिचय बंद केला. ढोकळ्यावर बहिष्कार पडला. पण ढोकळा दामूअण्णांना फार आवडे, म्हणून घरी केलेल्या ढोकळ्याला 'वाफवडी' म्हणावं असं ठरलं. उंधियू ही कोकणात शेंगा मडक्यात भाजतात त्या पोपटीची चोरी आहे, हे त्यांनी खडूनं मडक्याचं चित्र काढून सिद्ध केलं.

मग आबांना बोलावलं. दामूअण्णा म्हणाले, "आबा, तुम्ही आमच्याबरोबर मोर्च्यात येता आणि रविवारी त्याच्याकडे ताटावर बसता. हे जमत नाही."

"जमत नाही कसं? दर रविवारी जमतो तर आहे!"

"हसण्यावारी नेऊ नका. मुंबई कुणाची?"

"आमची!" आबा ताडकन म्हणाले. "आणि रतिलाल कुठे राहतो? मुंबईत. म्हणजे तोही आमचाच. तुम्ही मुंबई मागताय ती काय भांडीकुंडी वगळून?"

दामूअण्णा माझ्याकडे वळले. "आणि तू रे, चिटणीस? तूही जातोस म्हणे?"

मी म्हटलं, "मी नुसता सोबत जातो. खात नाही."

आबा माझ्याकडे पाहत राहिले. नंतर एवढंच म्हणाले, "बरोबर आहे. श्रीखंड त्यानं आणखी मागून घेतलं, पण खाल्लं नाही." सगळे हसले. मी सुटलो असं मला वाटलं.

पुढचं मी आजवर घरात बोललेलो नाही.

त्या वर्षी संक्रांत दंगलीच्या धामधुमीत गेली. आबांना तिळगूळ घेऊन जाता आलं नाही. रस्ते मोकळे झाले, त्या दुपारी रतिलालभाईच आले. डोक्यावर नेहमीची टोपी नव्हती, चेहरा उतरलेला, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. अशा दिवसांत भुलेश्वराहून आमच्या चाळीपर्यंत ते पातेलं आणणं सोपं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी मी आणि दामूअण्णा उभे होतो. आबा वर झोपले होते.

"आबा छे?" त्यांनी मला विचारलं.

दामूअण्णा नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "आबांचं आता तुमच्याशी जमणार नाही."

रतिलालभाई थबकले. "नहीं जमे?"

"नाही. नाही जमणार."

मला कुणी वकील दिला, तर तो म्हणेल, चूक भाषेची झाली. मराठी माणूस मराठीत बोलला, समोरच्यानं गुजरातीत ऐकलं. पण त्या शब्दाचे दोन्ही अर्थ मला ठाऊक होते. एक तर मी खाऊन शिकलो होतो. आबांचं पटणार नाही, असं म्हटलं असतं तर रतिलालभाईंनी वाद घातला असता, वर येऊन आबांना चार शिव्या दिल्या असत्या. 'आबा तुमच्याबरोबर जेवणार नाहीत' याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत तो अर्थ पोचताना मला दिसला. एका वाक्यात दुरुस्त करता आलं असतं. मी चप्पल नीट करायला खाली वाकलो.

ते पातेलं घेऊन परत गेले. दामूअण्णा म्हणाले, "वास बरा होता हो."

आबांनी वाट पाहिली. मग तिळगूळ घेऊन ते स्वतःच भुलेश्वरात गेले. दारातून नोकरानं सांगितलं, शेठ घरात नाहीत. "आतून शिंक ऐकू आली रे," परत आल्यावर ते मला म्हणाले. "सुरती शिंक. मी ओळखणार नाही? राजकारणापायी त्यानं मला सोडलं." रविवारचं बाहेर जाणं बंद झालं. "चला, रविवारी मासे खायला मोकळा झालो," असं ते एकदा म्हणाले, कुणी घरातलं गेल्याचं सांगावं तसं.

राज्य झालं, तेव्हा चाळीत पेढे वाटले. आबांनी दोन घेतले, एक खाल्ला, एक हातातच धरून बसले. "मुंबई मिळाली," ते म्हणाले. "सगळी नाही मिळाली." दामूअण्णांना वाटलं, बेळगावबद्दल बोलताहेत. त्यांनी मान डोलवली. परिचय मंडळ पुन्हा सुरू झालं, ढोकळा पुन्हा ढोकळा झाला, आणि दामूअण्णा सर्वांत आधी फरसाणाच्या दुकानात दिसू लागले.

त्यानंतर काही वर्षांनी आबा गेले. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. तिळगूळ परत आणल्या दिवशी एका शब्दात सांगता आलं असतं. नंतर दर वर्षी ते सांगणं थोडं थोडं जड होत गेलं आणि मला वाटत राहिलं, अजून वेळ आहे.

तेराव्यानंतर मी भुलेश्वरात गेलो. रतिलालभाई खूप वाकले होते. मी आबा गेल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "एणे छेल्ले शुं खाधुं?" शेवटी काय खाल्लं त्यानं?

"पेज," मी म्हटलं. "तांदळाची."

"पेज," त्यांनी मान हलवली. "आबाए पेज खाधी!"

मग मी सांगितलं. जिना, दामूअण्णा, तो शब्द, मला तो शब्द येत होता हेही. आबांना शेवटपर्यंत माहीतच नव्हतं, ते झोपले होते, एवढंच मी पुन्हापुन्हा सांगत राहिलो. ते ऐकून घेत होते. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील. त्यांनी आत वळून हाक मारली आणि मला विचारलं, "जमशो?"

ताट एकच आलं. मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"हवे कोनी जोडे जमुं?" ते म्हणाले. आता कुणाबरोबर? मी ते मराठीत ऐकलं, गुजरातीत ऐकलं. दोन्हीकडे एकच निघालं.

ते समोर बसून वाढत राहिले. एक पुरी संपली की दुसरी, वाटी रिकामी झाली की पुन्हा भरलेली. पोट केव्हाच भरलं होतं. गुजरातीत पुरे म्हणायला 'बस' म्हणतात, तेवढं मला येत होतं. मी म्हटलं नाही.