सातव्या महिन्यातलं स्टेअरिंग

पहिल्या बाळंतपणाची भीती मला फारशी वाटलीच नाही. त्याच्या वाट्याची सगळी भीती आमच्या मोटारीनं आधीच खाऊन टाकली होती.

आमचे हे दिग्रसला भाड्यानं मोटार चालवायचे. मोटार लहानशी, विलायती, कापसाच्या एका व्यापाऱ्यानं कंटाळून विकलेली. रंग बरा होता, हॉर्न खणखणीत होता, फक्त स्टेअरिंग म्हातारं झालं होतं. हातातलं चाक वीतभर फिरवावं, तेव्हा कुठं खालची चाकं जागी व्हायची.

"गाडीले इचार कराले टाईम लागते," हे हसून म्हणायचे. गाडी विचार करत असायची तेवढा वेळ मी दाराची कडी धरून बसायची.

बाळंतपण माहेरी, फुलसावंगीला करायचं ठरलं होतं. सातवा सरत आला होता. एसटीनं जाते म्हटलं तर यांना अपमान वाटला. मोटारवाल्याची बायको एसटीत दिसली तर गावातली एक सवारी आपल्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणे. आणि वाटेत घाट. त्या घाटात उजवीकडचं एक वळण असं आहे की चाक अगदी अखेरपर्यंत फिरवावं लागतं, आणि डाव्या हाताला कठडा नाही, नुसती दरी. लग्न होऊन येताना मी ते वळण डोळे मिटून पार केलं होतं.

एक दिवस हे भाडं पोचवून पुसदहून परतले. चहाची बशी ओठाशी नेता नेता अर्धी सदऱ्यावर सांडली. काय झालं विचारलं तर "काई नाई." दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मिस्त्रीला घेऊन आले. कुठल्या तरी वळणावर गाडी वेळेवर वळली नसणार, हे मला न सांगता कळलं.

मिस्त्रीनं सांगितलं ते एवढं: गाडीच्या खाली दात पाडलेला एक आडवा दांडा असतो, त्याला रॅक म्हणतात. स्टेअरिंग फिरवलं की तो सरकतो आणि चाकं वळतात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून दांड्याचे मधलेच दात झिजतात. आधी त्यानं तो नुसता कसून पाहिला, तर सरळ रस्त्यावर बरं आणि वळताना घट्ट. शेवटी नागपूरच्या भंगारातून, तशाच एका मोडक्या गाडीचा रॅक आणला. ती गाडी कशी मोडली हे विचारायची माझी छाती झाली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो बसवला. दुसरी कोणी असती तर नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून मोकळी झाली असती. आम्हाला बुद्धाची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. घरातले देव सासूबाईंनी स्वतः टोपल्यात भरून नदीत सोडले होते. पण माझ्या भीतीनं काही दीक्षा घेतलेली नव्हती.

मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "मामी, एक निंबू ठेवलं चाकाखाली, त काय बिघडन?"

"निंबू गाडी वळवते का?" त्या कडाडल्या. "भेव वाटते ना तुले? मंग गाडी पाह्य."

मला असा राग आला! पाहतेच म्हटलं.

पुढची चाकं अजून जॅकवरच होती. मिस्त्री बादलीशी हात धूत होता. मी दार उघडलं आणि यांच्या जागेवर जाऊन बसले, जन्मात पहिल्यांदा. पोट स्टेअरिंगला टेकत होतं. डावीकडं फिरवलं, ते फिरतच राहिलं. परत सरळ आणून उजवीकडं फिरवलं, तर अर्ध्यातच खट्. पुन्हा फिरवलं. पुन्हा खट्.

"अवं, काय करून राह्यली तू?" हे धावत आले.

"उजवीकडं काहून नाई फिरत हे?"

"नवीन बसवलं हाय. होईन हळूहळू मोकळं."

"डावीकडं त फिरते. तिकडून जुनं हाय का?"

हे हसले, खिडकीतून हात घालून त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं. खट्. हसू तिथंच थांबलं. त्यांनाही तेच वळण आठवलं असणार, कारण चेहरा एकदम पांढरा पडला. मिस्त्री ओल्या हातांनीच गाडीखाली शिरला आणि थोड्या वेळानं खालूनच म्हणाला, "दांडा मधात आनून नाई बसवला, वहिनी. चुकलं माह्यं."

सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी कितीदा तरी जाऊन चाक दोन्हीकडं फिरवून आले. कोणी मला हटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. हे पुढं, मी आणि सासूबाई मागं. स्टेअरिंग आता हाताबरोबर वळत होतं, तरी माझी भीती काही हटेना. उलट आता गाडीखाली काय काय असतं ते ठाऊक झालं होतं, आणि त्यातलं काय काय निखळू शकतं तेही.

वळण आलं. या वेळी मी डोळे मिटले नाहीत, यांच्या हातांवर ठेवले. चाक फिरलं, आणखी फिरलं, डावीकडच्या काचेत नुसतं आभाळ राहिलं. मी त्या खट्ची वाट पाहत होते. पोटातलं बाळसुद्धा हलायचं थांबलं होतं. मग काचेत झाडं आली आणि रस्ता पुन्हा समोर आला.

तेव्हा सासूबाईंनी पदराआडची मूठ काढून माझ्यापुढं उघडली. आत लिंबू होतं.

"हुंग," त्या म्हणाल्या. "घाटात मळमळते."

लिंबू गरम होतं, घामानं ओलं होतं, आणि त्याच्या सालीत सगळीकडून नखं रुतलेली होती. मी ते नाकाशी धरलं. दुसऱ्या हातानं त्यांचा हात धरला, तो फुलसावंगी येईपर्यंत सोडला नाही.