सोयाबीन हिरवं का दिसत होतं

रिजेक्टच्या पोत्यात चांगलं सोयाबीन का पडतंय, हे शोधायला मला कुणी बोलावलं नव्हतं. मी माऊस बदलायला गेले होते.

जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे प्लांटमध्ये मी कॉम्प्युटर सपोर्ट बघते. सॉर्टरच्या केबिनमध्ये पोचले तेव्हा मॅनेजर मोरे साहेब रिजेक्टमधले ओंजळभर दाणे घेऊन उभे होते. खुर्चीत ऑपरेटर भीमराव काका.

"काका, हे दाणे हिरवे आहेत का? सोमवारपासून गोडाऊनला बसा. हे मशीन तुमच्या डोळ्यांना झेपत न्हाई आता."

"साहेब, मला तं स्क्रीनवर हिरवंच दिसून राह्यलं."

"मंग डोळे दाखवा की कुणाला!"

साहेब दाणे टेबलावर टाकून गेले. काका ते एकेक करून गोळा करायला लागले. हे मशीन आलं तेव्हापासून तेच चालवतात.

सॉर्टर म्हणजे रंग बघून दाणे निवडणारं मशीन. कॅमेरा दाण्यांचे फोटो काढतो आणि नको असलेला दाणा हवेच्या फटक्याने बाजूला, रिजेक्टच्या पोत्यात उडतो. किती हिरवा दाणा नको, ते ऑपरेटर स्क्रीनवर फोटो बघून ठरवतो.

मी माऊस जोडला. सहज एक दाणा उचलून स्क्रीनजवळ धरला. हातातला पिवळा. स्क्रीनवरचे हिरवट. मलाही.

मग नीट पाहिलं. फोटोंच्या आडून पुसट रेघा दिसत होत्या. उसाची पानं! काकांच्या घनसावंगीच्या शेताचा वॉलपेपर.

पाहुणे येणार म्हणून साहेबांनी माझ्याकडून सगळ्या कॉम्प्युटरवर ग्लास थीम टाकून घेतली होती. तिच्यात विंडोच्या कडा काचेसारख्या होतात, मागचं चित्र झिरपतं. मी फक्त कडाच पारदर्शक ठेवल्या होत्या. इथे पारदर्शकतेचं सरकतं बटण पुढे ढकललेलं होतं, अख्खी विंडो तशी झाली होती.

"काका, सेटिंग कुणी बदललं?"

"पाहुणे आल्ते ना, तवा साहेबांनीच ते बटण सरकवलं. म्हणले, बघा, आरपार!"

हे साहेबांना सांगायचं कसं? अवघड वाक्य मी आधी मनात इंग्रजीत जुळवते, मग मराठीत. तोवर समोरचा निघून गेलेला असतो. म्हणून मी वॉलपेपर लालभडक केला आणि साहेबांना बोलावलं.

"सर, एक मिनिट बघता का?"

"आता हे लाल कसं झालं?"

मी वॉलपेपर निळा केला. सोयाबीन निळसर. मग ते बटण शून्यावर आणलं. सोयाबीन पिवळं.

"हे सरकवलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

मी कीबोर्डकडे बघत राहिले. काका नवा माऊस रुमालाने पुसायला लागले. पाहुण्यांचा तो दिवस साहेबांनाही आठवला असावा.

"रिजेक्टची पोती परत मशीनवर घ्या," ते म्हणाले. दारातून वळून पुढे, "आणि काका, गोडाऊनचं राहू द्या."

ते गेल्यावर काका म्हणाले, "पोरी, माझा ऊस तेवढा परत लाव."

लावला. सॉर्टरच्या कॉम्प्युटरवर आता साधी, जुनाट दिसणारी थीम आहे. बाकी ऑफिसभर काच तशीच आहे, साहेबांना आवडते. मी एवढंच शिकले, की माणसाला डोळे तपासायला पाठवण्याआधी एकदा वॉलपेपर बदलून बघावा.