गोमूत्राने धुतलेली भिंत

"कलेपुढे सगळे समान असतात," असं प्रमुख पाहुणे म्हणाले. पाहुणे धारवाडहून आणलेले प्राध्यापक होते. संस्कृती लागली की हुबळी ती धारवाडहून मागवते. टाळ्या झाल्या. त्यानंतर पाव तासात मी रंगवलेली भिंत त्याच लोकांनी गोमूत्राने धुवायला घेतली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोप्पीकर रोडच्या दुकानांमागे एक बोळ होता. दुकानांची तोंडं रस्त्याकडे, मोऱ्या बोळात. सगळा बाजार तिथे लघवीला यायचा. व्यापाऱ्यांच्या समितीने बोळ सुधारायचा ठरवला. उपाय जुनाच. भिंतीवर देव काढायचे. देवासमोर कोण धोतर वर करणार?

मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. समितीचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी. मला 'पेंटरसाहेब' म्हणायचे. आडनाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तेवढा भ्याडपणा माझा. मी ऑइल पेंट मागितला. त्यांनी सरसात कालवायचे पावडरचे रंग आणून दिले.

गणपती, लक्ष्मी, सरस्वती. बारा दिवस लागले.

भाषण संपलं आणि आई आली. हाच बोळ ती झाडायची. आज समारंभ आहे, येऊ नको, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. हातात खराटा. मला बघून म्हणाली, "जेवलास का रे?"

अध्यक्ष वळले. "ही कोण तुझी?"

"आई."

पेंटरसाहेब तिथेच संपला.

"अय्यय्यो, देवाचे डोळे ह्यानंच काढले की!" मागून कुणीतरी ओरडलं.

बादली आली. प्राध्यापक चहा पीत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बशीकडे बघितलं.

सरसातला रंग ओल सोसत नाही. गणपतीचा शेंदरी लक्ष्मीच्या साडीत उतरला. सरस्वतीचे डोळे हनुवटीपर्यंत आले. रंग ओघळून बोळात पसरला. आई वाकली आणि तो झाडायला लागली. तिचं कामच होतं ते.

मी तिच्या खराट्याच्या वाटेतून बाजूला सरलो. ते अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. माझ्या दारासमोर, उंबऱ्यापासून चार हात लांब.

"परत काढून दे. पहाटे ये, कुणी बघायच्या आत."

"आणि मग परत धुणार?"

"थोडंच. हलक्या हातानं."

"नाही," मी म्हणालो. शब्द दोन अक्षरांचा. तोंडातून निघायला वयाची तेवीस वर्षं लागली.

बोळाची दुसरी भिंत एका बंद गोदामाची होती. तिच्यावर मी माझ्या ऑइल पेंटने बोळ झाडणाऱ्या पाच बायका काढल्या. सगळ्या खुर्चीवर बसलेल्या, कारण त्या बाजारात त्यांना कधी कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. आई शेजारी उभी राहून बघत होती.

"खुर्चीचे पाय नीट काढ रे. पडेन मी."

बायकांनी भिंतीखाली फुटक्या शहाबादी फरश्या टाकल्या. दुपारी त्यावर बसून भाकरी खाऊ लागल्या. त्याचं उद्घाटन कुणी केलं नाही.

जिथे माझ्या आईला उभं राहू देत नाहीत, ती भिंत मी रंगवणार नाही. कुणाच्या देवासाठी नाही, कुणाच्या भाषणासाठी नाही. तेव्हा ठरलं, आजही ठरलेलंच आहे.

अध्यक्षांच्या भिंतीला पुढे चुना लागला. बाजार अजून तिथेच लघवीला जातो. समोरच्या बायकांकडे पाठ करून.