खडसावणे, दटावणे आणि मगदूम मॅडम

प्राध्यापिका कुसुमावती मगदूम यांना पंचाहत्तरावे वर्ष लागले, गौरवग्रंथासाठी काही लिहाल का, असे संपादकांनी फोनवर विचारले आणि त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच मी हो म्हणालो. तेव्हापासून घरात, कॉलेजात, भेटेल त्याला मी मॅडमच्या गोष्टी सांगत सुटलो आहे. त्यांतल्या तीन येथे लिहितो.

मॅडमची आणि माझी ओळख एका चुकीने झाली. मी चंदगडहून कोल्हापूरला शिकायला आलेलो, इंग्रजीची धास्ती घेतलेली. पहिल्याच निबंधात मी लिहिले की, म्हैस हरवली म्हणून वडिलांनी मला 'क्रिटिसाइज' केले. मॅडमनी वही हातात धरून विचारले, "वडील नेमके काय म्हणाले?"

मी चाचरत सांगितले, "म्हनले, डोळं फुटल्यात व्हय तुझं? एवढी म्हस दिसंना तुला?"

सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी खडू उचलला. "क्रिटिसाइज म्हणजे कामातले, विचारातले दोष दाखवणं. समोरचा माणूस हजर नसला तरी ते करता येतं. तुझे वडील तोंडावर ओरडले. ते स्कोल्ड." मग फळ्यावर एकेक शब्द येत गेला. 'रिब्यूक' म्हणजे खडसावणे, थोडक्यात आणि कडक. 'रिप्रिमांड' ही ताकीद, वरिष्ठाने पदाच्या अधिकाराने दिलेली. 'रिप्रोच'मध्ये रागापेक्षा दुःख जास्त. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, असे आई म्हणते तेव्हाचे. 'सेन्शुअर' एखाद्या सभेने ठराव करून करायचे. आणि 'ॲडमॉनिश' म्हणजे समज देणे, पुन्हा तसे घडू नये म्हणून. कोण बोलले, कोणाला, कोणासमोर आणि कशासाठी, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय यांतला एकही शब्द वापरायचा नाही, असे त्यांनी बजावले. तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही जागचे हललो नाही. आपल्याला इंग्रजीच शिकवायचे आहे, हे मी त्याच आठवड्यात ठरवून टाकले.

मॅडम हे नुसते शिकवत नव्हत्या. आमच्या वर्गातल्या जयसिंगपूरच्या एका मुलीचे टिपण त्यांना उतरवलेले वाटले आणि त्यांनी तिला भर वर्गात खडसावले. ती खाली मान घालून बसून राहिली. त्याच दिवशी नंतर टिपण तिचेच असल्याचे त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधी त्या तिच्या बाकापाशी गेल्या. "काल मी चुकले. बोलले सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते," असे म्हणून त्यांनी हात जोडले. ती मुलगी तेव्हा रडली. आमच्यापैकी काहींच्या डोळ्यांतही पाणी होते.

पुढे मी त्यांच्याच विभागात रुजू झालो. पहिल्या दिवसापासून मॅडम मला 'तुम्ही' म्हणू लागल्या. त्या निवृत्त झाल्यावरही रविवारी दुपारी त्यांच्या घरी जाणे मी सोडले नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी धाकटी बहीण सुरेखा परदेशात एका रुग्णालयात परिचारिका आहे. पायाचे ऑपरेशन झालेले एक आजोबा सारखे पलंगावरून उतरू पाहत होते. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा सुरेखा त्यांच्यावर ओरडली. त्यांच्या मुलाने तक्रार केली आणि सुरेखाकडे लेखी निवेदन मागितले गेले. चौकशीत उलटसुलट काही निघाले असते तर तिची नोकरी गेली असती. तिने मला रडत फोन केला, "दादा, मी त्यांना फक्त दटावलं रे. तू नीट इंग्रजीत लिहून दे."

मी घाईत लिहिले. बहिणीचे शब्द जसेच्या तसे यावेत म्हणून 'दटावणे' शब्दकोशात पाहिले, पहिला अर्थ उचलला आणि मजकूर मोबाईलवर तिला पाठवून दिला. दुपारी मॅडमकडे गेलो तेव्हा हे काम आपण कसे चटकन केले, ते मी जरा फुशारकीनेच सांगितले.

"वाचा पाहू," मॅडम म्हणाल्या.

मी वाचू लागलो. 'थ्रेटन' हा शब्द आला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. "अहो, ही तर धमकी झाली. आपण धमकी दिली, असं तिच्याच तोंडून वदवलंत तुम्ही. निवेदन दिलं काय तिनं?"

तिकडे सकाळ होती आणि सुरेखा निवेदन द्यायलाच निघाली होती. मी फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मॅडम माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणत होत्या, "लाव, लाव, थांबू नको." त्या मला पुन्हा 'तू' म्हणू लागल्या आहेत, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही. पाचव्या वेळी सुरेखाचा आवाज आला. ती कार्यालयाच्या दारात उभी होती, कागद अजून हातातच होता.

मॅडमनी फोन घेतला. "बाळ, तू आजोबांना काय म्हणालीस? शब्द न् शब्द सांग."

"म्हटलं, पुन्हा उतरलात तर पाय मोडेल, मग घरी कसे जाणार?"

"आवाज चढला होता?"

"व्हय मॅडम. चढला होता."

मी मध्येच म्हणालो, "मॅडम, तेवढं नको लिहायला."

त्या माझ्याकडे वळल्या. "आपण वाक्य दुरुस्त करायला बसलोय, घडलेलं नव्हे. आणि तुला आणखी एक सांगते. बहिणीची भाकरी ज्या कागदावर आहे, तो लिहिताना तू शब्दकोशाची पुढची ओळ वाचली नाहीस. हुशारीच्या भरात केलंस हे." शेजारच्या खोलीत पाहुणे होते. त्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्या बोलल्या. मला मात्र ते अजून ऐकू येते.

मग त्यांनी सांगितले आणि सुरेखाने तिथेच बसून नवे निवेदन लिहिले. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी मी त्यांना कडक शब्दांत समज दिली, त्या वेळी माझा आवाज चढला, त्याबद्दल मी दिलगीर आहे. चौकशीत आजोबांनीच सांगितले की, ती ओरडली खरी, पण माझ्या पायाच्या काळजीने. सुरेखाला तोंडी समज मिळाली, नोकरी राहिली. ही बातमी घेऊन मी मॅडमकडे धावतच गेलो. त्या म्हणाल्या, "तोंडी समज? म्हणजे ॲडमॉनिशच की," आणि त्यांनी लगबगीने चहाचे आधण ठेवले.

सध्या मॅडमनी नवीच वही सुरू केली आहे, कौतुकाच्या शब्दांची. शाबासकी, वाहवा, तारीफ, गौरव यांत नेमका फरक काय, हे त्या भाजीवालीपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना विचारत हिंडत आहेत. "काम निदान दहा वर्षांचं हाय," असे परवा हसत म्हणाल्या. ती दहा वर्षे त्यांना धडधाकट पायांनी, स्वच्छ नजरेने आणि खणखणीत आवाजात मिळोत. वही मात्र त्यांनी इतक्यात पुरी करू नये, हीच आम्हा सर्वांची इच्छा.