लिहिणाऱ्याचं नाव कुठं आहे?

काल मला खांबामागं बसून व्याख्यान ऐकावं लागलं. अर्धी स्लाइड, पाऊण खांब.

याला सर्वस्वी जबाबदार आमचे शेजारी, कानडेकाका. आज त्यांचा तेरावा.

गेले ते गेले, पण पहिल्या रांगेत माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवायची कुठलीही पर्यायी व्यवस्था करून गेले नाहीत.

जबलपुरात जुन्या चित्रांवर, हस्तलिखितांवर कुठंही लेक्चर असो, काका अर्धा तास आधी हजर. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात आयुष्यभर माल तपासला. रिटायर झाल्यावर पोथ्या तपासायला लागले.

एकदा एक मोठे प्रोफेसर पडद्यावर पान दाखवून सांगत होते, ही अख्खी पोथी एकाच माणसानं लिहिलेली.

काका उभे. "सर, यहाँ शिफ्ट बदली है."

हॉल हसला. मीही.

"सातवीं लाइन के बाद देखिए. कलम दूसरी, हाथ दूसरा."

प्रोफेसरांनी पान मोठं केलं. आणखी मोठं केलं. चष्मा काढून पुसला.

"अरे!"

पुढची दहा मिनिटं काय सांगू! अख्खा हॉल खुर्च्या सोडून पडद्याशी. कुणी मात्रा दाखवतोय, कुणी शाईचा रंग. माझी एक चप्पल तिसऱ्या रांगेतच राहिली. कुण्या काळी एक माणूस दमून उठला होता, दुसरा त्याच्या जागी बसला होता, आणि ते आम्हाला दिसत होतं!

शेवटी मात्र काकांचा प्रश्न दरवेळी एकच. "राजा का नाम तो हो गया. लिखने वाले का नाम कहाँ है?"

"काका, तेच ते काहून विचारता?"

"अगं, आमच्या प्रत्येक पेटीत तपासणाऱ्याची चिठ्ठी जायची. माझ्या सहीच्या कितीतरी गेल्या. कुणी एकानं तरी वाचली असंल का?"

 

गेल्या महिन्यात हॉस्पिटलातून फोन. "मी येऊन नाही राहिलो. माझा प्रश्न तू विचारजो."

मी लेक्चरला गेले, पण हात वर केला नाही. त्या प्रश्नाला लोक हसतात, आणि लोकांना हसायचं खातं माझ्याकडं आहे.

काकांना सांगितलं, वेळ संपला होता.

"चलो, अगली बार," म्हणाले.

काल खांबामागून उभी राहिले.

"मॅडम, लिखने वाले का नाम कहाँ है?"

हसलेच लोक.

व्याख्यात्या मॅडमचा चेहरा मात्र असा उजळला! "आख़िरी पन्ने पर है. मैं तो राह देख रही थी कि कोई पूछे. भैया, लास्ट स्लाइड!"

लाल शाईतली एक ओळ. मॅडमनी बोट फिरवत वाचली. कुणी केशव. लिहून लिहून पाठ गेली म्हणतो, पोथी जपा म्हणतो.

आता कुणी हसत नव्हतं.

काका, केशव नाव होतं त्याचं.

वाचलं आम्ही. सगळ्यांनी.

निघा निवांत. या आता.